मान, हात आणि मुदत

मोटारसायकलवरून फेकला गेलेला माणूस खांद्यावर आदळतो, तेव्हा डोके एका दिशेला आणि खांदा दुसऱ्या दिशेला ओढला जाऊन त्या दोहोंमधला कोन क्षणार्धात रुंदावतो. आणि मानेतली शेवटची चार व छातीतले पहिले अशा पाच मज्जातंतूमुळांचे जे जाळे मज्जारज्जूपासून निघून हासळीच्या हाडाखालून बगलेवाटे हातात उतरते, आणि ज्याला वैद्यकात ब्रेकियल प्लेक्सस असे नाव आहे, ते ताणले जाते, तुटते, किंवा रज्जूपासून मुळासकट उपटून निघते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. हाड शाबूत असते, कातडीवर ओरखडासुद्धा नसतो, आणि तरीही हात खांद्यापासून लोंबत राहतो. पुढे महिना-दीड महिन्याने मान आखडते, पाठ धरते, कंबर एका अंगाला वाकते. आणि मग रुग्ण आणि त्याचे आप्त, हाताचा प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांच्या स्वाधीन करून, पाठीच्या प्रश्नासाठी दुसरे दार शोधू लागतात.

अशाच एका तरुणावरून दिल्लीत, पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात, दोन वयोवृद्ध गृहस्थांमध्ये गेल्या वैशाखात जो वाद झाला, तो मी मध्ये बसून ऐकला. त्यांपैकी एक, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, केंद्रीय सचिवालयात उभी हयात घालवून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. कोणत्याही मामल्याकडे प्रथम दप्तराच्या आणि मग माणुसकीच्या दृष्टीने पाहणारे, आणि दुसरी दृष्टी पहिलीवर नेहमी मात करते हे लपवण्याची धडपड करणारे. दुसरे सैन्यातल्या शस्त्रक्रिया विभागातून निवृत्त झालेले कर्नलसाहेब. तरुण होता आटपाडीकडचा. करोलबागेत सोने गाळण्याच्या धंद्यात असलेल्या घराण्यातला. नाना त्याच्या वडिलांचे जुने स्नेही, म्हणून इथले पालक. धौला कुव्याजवळ त्याची मोटारसायकल घसरली त्याला चार महिने होत आले होते. उजवा हात झोळीत होता आणि डाव्या हाताने तो चहा पीत होता.

नानांनी प्रारंभच फिर्यादीच्या सुरात केला. "कर्नलसाहेब, या मुलाला तीन ठिकाणी दाखवले. प्रत्येकाने हात तपासला, कागद केला, पुढची तारीख दिली. पाठ दुखते म्हटले तर गोळी लिहून दिली. पाठीला हात कोणी लावला नाही. शेवटी गुरुग्रामच्या एका कायरोप्रॅक्टरकडे नेला. त्याने अर्धा तास याची पाठ नुसती चाचपली, कुठे दाबले, कुठे हिसका दिला, आणि त्या रात्री हा मुलगा अपघातानंतर प्रथमच सलग झोपला. आता आपण म्हणणार, याला शास्त्राधार नाही. नसेल. पण झोप आली, याचा साक्षीदार मी आहे."

"रातच्याला पाठ अशी धरायची की उठून बसायचो," तरुण म्हणाला. "आता लागती झोप."

कर्नलांनी प्रतिवाद केला नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, झोळी सोडायला लावली, आपली दोन बोटे त्याच्या उजव्या मुठीत दिली आणि म्हणाले, "आवळ." मूठ बऱ्यापैकी आवळली गेली. त्याच्या उजव्या डोळ्याची पापणी उतरली आहे का, बाहुली डावीपेक्षा बारीक आहे का, हे त्यांनी उजेडाकडे तोंड करवून पाहिले; तसे काही नव्हते. मग म्हणाले, "आता कोपर वाकवून हात तोंडाशी आण." आणि त्या मुलाने जे केले त्यात, मला वाटते, त्या सायंकाळच्या वादाचा निम्मा भाग सामावलेला होता. कोपर वाकेना, तेव्हा त्याने कंबर मागे टाकली, छाती डावीकडे झुकवली, सबंध धडाचा एक हेलकावा दिला, त्या हेलकाव्याने लोंबता हात पुढे फेकला गेला, आणि तो खाली पडण्यापूर्वी त्याने डाव्या हाताने मनगट झेलून धरले. हे सारे इतक्या सफाईने झाले की, दिवसातून अनेकदा तो हेच करीत असणार हे उघड होते.

"पाठ का दुखते ते पाहिलेत?" कर्नल म्हणाले. "माणसाचा एक हात म्हणजे शरीराच्या वजनाचा सुमारे विसावा हिस्सा. सत्तर किलोच्या माणसाला साडेतीन किलो. खांद्याचे स्नायू जागे असतात तोवर ते वजन जाणवत नाही. ते झोपले की सारा भार मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या एका स्नायूवर येतो, आणि धड दुसऱ्या अंगाला झुकून तोल सावरते. त्यात हा हेलकावा. नाना, याच्या कण्यात दोष नाही. तो बिचारा शेजारच्या बुडालेल्या पेढीचे कर्ज फेडतो आहे."

"मग त्या कर्जाचा हप्ता कोणी हलका केला तर आपली हरकत काय?"

"कमरेपुरता केला तर काहीच नाही. 2017 साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात औषधाआधी करून पाहण्याच्या उपायांमध्ये कण्याच्या हस्तोपचारालाही जागा दिलेली आहे. त्यापूर्वी, 2011 साली, जुनाट कंबरदुखीवरच्या 26 चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने जे परीक्षण केले, त्याचा निष्कर्ष असा की, या हस्तोपचाराने जो गुण येतो तो व्यायामादी इतर मान्य उपायांनी येणाऱ्या गुणापेक्षा लक्षणीयरीत्या जास्त नाही."

"म्हणजे कमीही नाही," नाना तत्काळ म्हणाले. सचिवालयातल्या माणसाला एखाद्या वाक्याची दुसरी बाजू पहिलीच्या आधी दिसते.

"नाही. ते मी मान्य करतो. माझी तक्रार कमरेविषयी नाहीच. त्याने याच्या मानेला हात लावला का, ते विचारा."

तरुणाने मान खाली घातली. लावला होता. हनुवटी आणि मानेचा मागचा भाग यांना पट्टा अडकवून डोके मागून झटक्यात ओढण्याचा जो प्रकार आजकाल मोबाइलवरच्या चित्रफितींतून घरोघर पोचला आहे, तो त्या माणसाने सुचवला होता. पण भीती वाटून मुलाने नकार दिला होता, आणि केवळ हाताने मान दोन्हीकडे फिरवून घेतली होती. 'कट्' असा आवाज झाला, आणि मणका जागेवर बसला असे त्याला सांगण्यात आले.

कर्नलसाहेबांचा संयम येथे प्रथमच सुटला. "मणका जागेवर बसला! तो जागेवरून उठला केव्हा होता? अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली बोटाचा सांधा एमआरआय यंत्रात ओढून पाहिला आणि तो आवाज होताना सांध्याच्या द्रवात वायूची पोकळी निर्माण होते हे चित्रात टिपले. हाड कुठून कुठे जात नाही. पण या विद्येची सारी इमारतच त्या बसवण्यावर उभी आहे. अमेरिकेत डेव्हनपोर्ट गावी डॅनियल पामर नावाचा एक चुंबकोपचार करणारा गृहस्थ होता. त्याने 1895 साली इमारतीतल्या एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीतला मणका दाबला, त्याला ऐकू येऊ लागले, आणि बहुतेक सर्व रोग सरकलेल्या मणक्याने मज्जातंतू दबल्यामुळे होतात असा सिद्धांत त्याने उभा केला. श्रवणाचा मज्जातंतू कवटीतल्या कवटीत मेंदूला मिळतो, पाठीकडे तो फिरकतही नाही, एवढे साधे शरीरज्ञान त्या सिद्धांताच्या आड आले नाही."

"सिद्धांत चुकीचा असेल, म्हणून हात चुकीचा ठरत नाही," नाना म्हणाले. "आपल्याकडे हाडवैद्याला कुठे सिद्धांत होता? आणि पामरविषयी सांगताना पुढचे सांगायचे राहिले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या सभासदांना कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवायला मज्जाव केला होता. त्याविरुद्ध 1976 साली दावा झाला आणि 1987 साली न्यायालयाने निकाल दिला की, हा एका व्यवसायाला बाहेर ठेवण्याचा बेकायदेशीर कट आहे. तो निकाल वरच्या न्यायालयातही कायम झाला."

"न्यायालयाने धंद्याचा हक्क मान्य केला, मणका सरकतो असा दाखला दिला नाही."

मला येथे असे वाटले की, दोघेही आपापल्या जागी बरोबर असून एकमेकांच्या मुद्द्याला स्पर्श न करता बाजूने जात आहेत; नाना विचारीत होते, दुखणाऱ्या माणसाला हात कोणी लावायचा, आणि कर्नल सांगत होते, कुठे लावायचा नाही. म्हणून मी मध्ये पडून दिल्लीकरांच्या स्मरणातला एक मामला काढला. 2017 साली राजधानीच्या परिसरातल्या 54 वर्षांच्या एका गृहस्थांची मान न्हाव्याने केस कापून झाल्यावर रिवाजाप्रमाणे मोडली. पुढे काही काळाने त्यांना श्वास घेणे कठीण होऊ लागले, आणि गुरुग्रामच्या रुग्णालयात निदान झाले की, श्वासपटलाला हालवणारे मज्जातंतू निकामी झाले आहेत. तेव्हा कित्येक दिवस शहरातल्या केशकर्तनालयांतून चंपीनंतर मान पुढे करणारे लोक कचरत असत; आता ते भय विरले आहे.

"ते मज्जातंतू मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांपासून निघतात," कर्नल म्हणाले, "आणि या मुलाची पाचवी आणि सहावी मुळे दुखावलेली आहेत, हे त्याचा खांदा आणि कोपर पाहून मी येथे बसल्या जागी सांगतो. म्हणजे शेजारच. मान आणि खांदा यांतला कोन रुंदावल्याने जी इजा झाली, तिच्यावर इलाज म्हणून पुन्हा मान खांद्यापासून दूर ओढायची! मूळ अर्धवट तुटलेले असेल तर? रज्जूपासून उपटले जाऊन आवरणाची पिशवी फुगली असेल तर? अपघातात एखाद्या मणक्याचा कंगोरा मोडलेला असेल आणि कोणी पाहिलाच नसेल तर?"

"न्हावी म्हणजे कायरोप्रॅक्टर नव्हे."

"दिल्लीत तो फरक कोण ठरवतो, ते सांगा. ब्रिटनमध्ये 1994 च्या कायद्याने त्यांची परिषद आहे. नोंद नसलेल्याने ते नाव लावले तर गुन्हा होतो. आपल्याकडे डॉक्टरला आयोग आहे, आयुर्वेदाला आयोग आहे, 2021 च्या कायद्याने फिजिओथेरपीलाही छत्र मिळाले आहे. पण कायरोप्रॅक्टिकला स्वतःची वैधानिक परिषद नाही. परदेशातून चार-पाच वर्षे रीतसर शिकून आलेला मनुष्य, आठवडाभराचा वर्ग केलेला मनुष्य आणि जुन्या दिल्लीतला हड्डी बसवणारा पहलवान यांच्या दारावर पाटी एकच लागू शकते."

आपल्या जन्मभराच्या खात्याची ही त्रुटी निघाल्यामुळे नाना क्षणभर वरमले. पण लगेच त्यांनी मानेतल्या रोहिणीचा विषय स्वतःच काढला, कारण तो निघणार हे त्यांनी ताडले होते. मान झटक्यात फिरवल्याने मेंदूकडे जाणारी रोहिणी आतून चिरली जाऊन पक्षाघात होतो, हा आक्षेप त्यांनी वाचला होता. आणि 2008 साली कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात झालेल्या पाहणीत असे दिसले होते की, अशा पक्षाघातापूर्वी रुग्ण कायरोप्रॅक्टरकडे जितके गेलेले आढळतात तितकेच साध्या डॉक्टरकडेही गेलेले आढळतात. म्हणजे चिरलेल्या रोहिणीमुळेच मान दुखत असते आणि माणूस त्या दुखण्यासाठी दार ठोठावतो. कर्नलांनी ती पाहणी नाकारली नाही. 2014 साली अमेरिकन हार्ट असोसिएशननेही संबंध आढळतो पण कार्यकारण सिद्ध झालेले नाही असेच म्हटले असून, रुग्णाला ही शक्यता आधी सांगावी एवढा आग्रह धरला आहे, असे ते म्हणाले, आणि तो विषय त्यांनी तेथेच सोडला.

"तो हिसका कधी कोणाला बाधेल, कधी बाधणार नाही," ते म्हणाले, "पण मला त्या हिसक्याहून जास्त भय तारखेचे वाटते. नाना, चार महिन्यांत याचा ईएमजी झाला का? मानेचा एमआरआय?"

अपघातानंतर लगेच डोक्याचा आणि खांद्याचा झाला होता. मज्जातंतूंच्या चाचणीचा कागद लिहून दिलेला होता. पण पाठीला आराम पडू लागल्यामुळे, आणि गुरुग्रामच्या त्या माणसाने नसा हळूहळू मोकळ्या होत आहेत असे आश्वासन दिल्यामुळे, ती तारीख दोनदा पुढे ढकलली गेली होती. हे नानांनीच सांगितले, आणि सांगताना त्यांचा आवाज बराच खाली आला.

कर्नल जे बोलले ते मी शक्य तितके त्यांच्याच क्रमाने देतो, कारण या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही. "मज्जातंतूची इजा तीन प्रतीची, असे सेडन नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने 1943 साली मांडले. नुसता धक्का बसला असेल तर काही आठवड्यांत आपोआप जाग येते. आतला धागा तुटून आवरण शाबूत असेल तर धागा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो. पण सगळाच तुटला, किंवा रज्जूपासून उपटला गेला, तर आपोआप काही होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये नराकास म्हणून या विषयाचे मोठे अधिकारी होते. त्यांनी आपल्या रुग्णांवरून सत्तरांची एक माळ मांडली : अशा इजांपैकी सत्तर टक्के रस्त्यावरच्या अपघातांनी, त्यांतल्या सत्तर टक्के दुचाकीवरच्या, आणि असे करीत करीत पुढे, हासळीच्या वर इजा झालेल्यांपैकी सत्तर टक्क्यांत निदान एक तरी मूळ उपटलेले. आता हिशेब करा. मानेपासून दंडातल्या स्नायूपर्यंत पंचवीस सेंटिमीटर धरले तर दिवसाला एक मिलिमीटरने अडीचशे दिवस. आणि स्नायू वाट पाहत बसत नाही. मज्जातंतूची भेट जेथे व्हायची ते स्थान वर्ष-दीड वर्षात झिजून जाते. मग तंतू दाराशी पोचला तरी घरात कोणी नसते. म्हणून आपोआप सुधारणा दिसते का, याची वाट तीन महिने पाहायची आणि सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा. ही मुदत आहे, नाना. मुदतीबाहेरच्या अर्जाचे काय होते ते मी आपल्याला सांगायला नको."

नाना काही बोलले नाहीत.

"आणि याची मूठ आवळते, ही फार मोठी गोष्ट आहे," कर्नल पुढे म्हणाले. "1994 साली पॅरिसच्या ओबर्लां यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. मुठीकडे जाणारा मज्जातंतू दंडातून जातो; त्याच्या अनेक धाग्यांपैकी एखादा, ज्याच्यावाचून मुठीचे अडत नाही असा, निवडून कापायचा आणि तेथेच, स्नायूच्या अगदी जवळ, कोपर वाकवणाऱ्या शाखेला जोडायचा. पंचवीस सेंटिमीटरचा प्रवास काही सेंटिमीटरांवर येतो. पण ती देणगी ज्याची खालची मुळे जिवंत आहेत त्यालाच मिळते, आणि मुदतीत आला तरच. येथे सफदरजंगजवळ एम्सचे ट्रॉमा सेंटर आहे, मुंबईत डॉ. मुकुंद थत्त्यांसारख्यांनी हाच विषय वर्षानुवर्षे केला आहे. दिल्लीत राहून हा मुलगा या देणगीला मुकला तर तो दोष पाठीचा नव्हे."

"मूस धरता येईल का?" तरुणाने विचारले. सोने गाळताना टाकणखार टाकून वितळलेला रस सांडशीने मूस उचलून साच्यात ओतायचा असतो. त्याला ते डाव्या हाताने जमत नव्हते, आणि चुलत्याने त्याला भट्टीपासून उठवून तेजाबाच्या कामाला बसवले होते. त्याच्या मनातली खरी व्यथा पाठीची नसून ही असावी, असे मला त्या क्षणी वाटले.

"कोपर वाकले तर धरशील. आश्वासन देत नाही."

आता नानांची पाळी होती, आणि त्यांनी जो प्रश्न काढला त्याला मी त्या सायंकाळचा सर्वांत सबळ मुद्दा मानतो. "आपण ओबर्लां सांगितलेत, दुसरी अर्धी गोष्ट मी वाचलेली आहे. खांदा उचलण्यासाठी आपण मानेच्या त्या मोठ्या स्नायूचा मज्जातंतू, म्हणजे ज्या स्नायूवर सारा भार आला आहे असे आपणच आत्ता म्हणालात त्याचा, काढून खांद्याच्या शाखेला जोडता. बरोबर? मग शस्त्रक्रियेनंतर मान दुखली, खांद्याचे पाते सरकले, पाठ एका अंगाला गेली, तर त्या रुग्णाने कोणत्या खिडकीवर उभे राहायचे? हाताची फाइल आपली. पाठीची कोणाची?"

"वरच्या शाखा राखून खालचा भागच घेतात," कर्नल म्हणाले, पण त्यांना स्वतःलाही ते उत्तर अपुरे वाटले असावे, कारण थोडे थांबून ते म्हणाले, "नाही, आपले खरे आहे. कोपर किती अंश वाकले ते आम्ही मोजतो आणि लिहितो. तो मनुष्य उभा कसा राहतो हे मोजणारा तक्ता माझ्या विभागात नव्हता. वसंतकुंजला मेजर अहलुवालियांनी इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभारले ते याच उणिवेपोटी. 1965 साली एव्हरेस्ट चढून आलेला तो मनुष्य त्याच वर्षीच्या युद्धात पाठीला गोळी लागून चाकांच्या खुर्चीवर आला, तेव्हा या देशात कण्याच्या रुग्णाला नंतर विचारणारे कोणी नाही हे त्याला स्वतःच्या देहावरून कळले. पण अशी ठिकाणे थोडी."

"म्हणून लोक गुरुग्रामला जातात."

"म्हणून जातात. आणि तेथे मुदत निघून जाते."

येथे नानांनी सुश्रुत काढला, आणि तो काढल्याशिवाय त्यांचे कोणतेही भाषण पुरे होत नाही. छाती आणि बगल यांच्यामधले कक्षधर नावाचे मर्म, आणि त्याला आघात झाला तर पक्षाघात होतो हे त्याने सांगितलेले फळ, यांचा उल्लेख करून त्यांनी विचारले की, दोन हजार वर्षांमागे जे स्थान जपायला सांगितले आहे त्यावर एका हिसक्याची परवानगी आपण कशी देणार? हे त्यांच्या स्वतःच्या पक्षाविरुद्धच जात होते, आणि ते त्यांच्या ध्यानात आलेले होते की नव्हते हे मला सांगता येणार नाही.

त्यानंतर जे झाले ते बरेचसे कारकुनी स्वरूपाचे होते. नानांनी खिशातून वही काढली आणि अटी लेखी मागितल्या. कर्नलांनी त्या उभ्या उभ्या सांगितल्या : ईएमजी आणि मानेचा एमआरआय याच आठवड्यात, आणि दोन्ही कागद घेऊन ट्रॉमा सेंटरच्या बाह्यरुग्ण विभागात, झोळी अशी की हाताचा भार मानेवर न येता दुसऱ्या खांद्यावर आणि छातीवर वाटला जाईल, धडाचा तो हेलकावा आजपासून बंद, फिजिओथेरपी रोज, सांधे आखडू नयेत म्हणून, मानेला, खांद्याला आणि बगलेला कोणाचाही हिसका नाही, मग तो कायरोप्रॅक्टर असो, पहलवान असो वा न्हावी. कमरेविषयी त्यांनी एवढेच सांगितले की, शल्यविशारदाचा लेखी होकार आणल्यास त्यांना वैयक्तिक हरकत नाही.

"तो होकार देईल?"

"मी असतो तर बहुधा दिला नसता," कर्नल म्हणाले.

नानांनी ते वाक्यही वहीत उतरून घेतले. मग त्यांनी गुरुग्रामला फोन लावून शनिवारची वेळ रद्द न करता तहकूब करवली, आणि मुलाला घेऊन चाचणीची वेळ मागण्यासाठी ते निघाले.